एकच काठी, एकच रीळ : घरच्या गळासाठी काय घ्यावे?

ज्वारीची पेरणी उरकली, दिवाळी तोंडावर आली, की हाताला थोडी सवड मिळते. ओढ्याचे पाणी निवळलेले असते, पाट भरून वाहतो, आणि घरातल्या एखाद्या पोराला गळ आठवतो. मग आईच्या मागे लकडा सुरू होतो : "तालुक्याला गेलीस तर मला रीळ आण!" शहरातून सुट्टीवर आलेल्या कोणाच्या तरी हातात त्याने ते पाहिलेले असते. आता रीळ घ्यावे का? घ्यायचे तर कोणते? खिशाला झेपेल ना? वाचकहो, याच प्रश्नांचा विचार आज करू.

पहिल्यानेच एक सांगतो. ओढा, डोह, विहीर, पाटाचे पाणी एवढ्यावरच तुमची हौस भागत असेल, तर पैसे मोडू नका. वाळवलेला सडसडीत वेळू, त्याच्याएवढेच तंगूस, मोरपिसाचा दांडा आणि एक गळ, एवढे तिथे पुरेसे आहे. वाडवडिलांनी यावरच कालवण शिजवले.

पण सगळीकडचे पाणी आता तसे राहिलेले नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि काठच्या गावांपुढे नदीच्या जागी अफाट जलाशय आला. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, काठाला उथळ चिखल उरतो आणि मोठा मासा तीस-चाळीस पावले आत राहतो. वेळूची काठी तिथवर पोचत नाही. गोदावरीवर जायकवाडीला तेच. अशा पाण्यावर रीळ ही चैन नव्हे, गरज आहे.

चकचकीत पाकिटाचा मोह

आमच्या पुतण्याने बाजारातून एक तयार संच आणला होता. काठी, रीळ, डबीभर रबरी मासे, सगळे एकाच पाकिटात, आणि किंमतही बेताची. तिसऱ्या रविवारी दोनेक किलोचा सायप्रिनस लागला. पोराने जोर लावला आणि रिळाची मूठ तुटून हातात आली. मासा तंगूस तोडून गेला. पैशाचे वाईट वाटलेच. पण गळ तोंडात घेऊन तो जीव पाण्यात गेला, हे पोराला जास्त लागले. दोन दिवस नीट जेवला नाही. दुसऱ्या वेळी मी त्याच्यासोबत दुकानात गेलो आणि घाई न करता एकेक वस्तू तपासून घेतली. ती तपासणी अशी.

समजा, हाती दोन हजार रुपये आहेत. निम्मे रिळाला ठेवा, तिसरा हिस्सा काठीला, आणि उरलेल्यात तंगूस, गळ, शिसे बसवा. पुष्कळ लोक उलटे करतात : लांब, रंगीत काठी घेतात आणि रीळ मिळेल ते. माशाचा खरा ताण रिळावर येतो, हे विसरू नका.

काठी

सात फुटांची, दोन तुकड्यांत जोडणारी, मध्यम ताकदीची काठी घ्या. बुडाजवळ तिने पेलायचे वजन छापलेले असते. १० ते ३० ग्रॅम असेल तर ती चिलापीलाही चालते आणि कटला-रोहूलाही. रेडिओच्या एरियलसारखी एकात एक सरकणारी काठी एस. टी.त न्यायला सोयीची खरी, पण सांध्यांत वाळू शिरली की ती अडकते आणि पुढे तिथेच चिरते.

दुकानात काठी जोडून शेंडा हलकेच वाकवून पाहा. शेंड्याकडचा भाग सहज वाकावा आणि बुडाकडे ती ताठ होत जावी. सांधा डुगडुगता कामा नये. मग कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला, तर कडीला धार आहे असे समजा. तीच धार उद्या तंगूस कापील.

फायबर ग्लासची घ्यावी की कार्बनची? कार्बनची काठी हलकी असते, पण तिच्यातून वीज वाहते. आपल्या शिवारात विहिरीवर, तळ्यावर तारा लोंबत असतात. फायबर ग्लासची काठी थोडी जड, पण दणकट आणि स्वस्त. शेतकऱ्याच्या घरी तीच बरी. अर्थात ओली काठी कोणतीही असो, तारेखाली उंच करू नका. ढग गडगडू लागले की गळ गुंडाळा आणि घर गाठा.

रीळ

रिळाचे प्रकार अनेक आहेत. नवख्याने काठीखाली लटकणारे, तारेची कमान असलेले साधे स्पिनिंग रीळ घ्यावे. काठीच्या वर बसणारे गोल रीळ दिसायला रुबाबदार, पण हात बसेपर्यंत तंगुसाचा असा गुंता होतो की सबंध सकाळ तो सोडवण्यात जाते. स्पिनिंग रिळाची मूठ बहुधा दोन्ही बाजूंना लावता येते, त्यामुळे घरातल्या डावखुऱ्यालाही ते चालते. आकार ३००० नंबरचा पाहा. आत बेअरिंग किती आहेत, हे दुकानदार मोठ्या आवाजात सांगेल. तिकडे फार लक्ष देऊ नका. त्याऐवजी मूठ फिरवून पाहा : खडखड नको, हेलकावा नको. कमान उघडली तर उघडी राहावी, मूठ फिरवताच खटकन मिटावी.

सर्वांत महत्त्वाचा रिळाचा ब्रेक. दुकानदार त्याला ड्रॅग म्हणतो. मासा जोरात ओढू लागला की हा ब्रेक तंगूस थोडे थोडे सोडतो, म्हणून ते तुटत नाही. तो झटके देत सोडत असेल, तर रीळ परत ठेवा.

ब्रेक लावण्याची घरगुती रीत सांगतो. तंगूस पाच किलोचे असेल, तर त्याच्या चौथ्या हिश्शावर ब्रेक ठेवायचा. पिशवीत सव्वा किलो ज्वारी भरा, तंगुसाला बांधा आणि रीळ हातात धरून सावकाश वर उचला. पिशवी जमिनीवरून सुटता सुटता फिरकी वळू लागली, की ब्रेक बरोबर बसला.

तंगूस आणि गळ

जाड तंगूस घेतले की मोठा मासा येतो, हा गैरसमज आहे. जाड तंगूस लांब जात नाही आणि माशाला दिसते. ०.२८ ते ०.३० मिलिमीटरचे साधे नायलॉनचे तंगूस घ्या. ते साधारण पाच-सहा किलोचा ताण सोसते. फिरकी काठोकाठ भरू नका, कडेपासून थोडी रिकामी ठेवा. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करा. कोरडी आवळली तर घासून कमजोर होते. उन्हाने नायलॉन कुजते, म्हणून दरसाल नवे भरावे.

गळाचा हिशेब उलटा असतो : नंबर मोठा, तर गळ लहान. चिलापीला ८ किंवा १० नंबरचा गळ आणि गांडूळ. सायप्रिनस-रोहूला ४ किंवा ६ नंबरचा आणि शेंगपेंड मिसळलेली कणीक. मरळीसाठी रबरी बेडूक याच काठीने फेकता येतो. म्हणजे एकाच जोडीवर वर्षभराचे काम भागते.

शेततळ्यावर जपून

पुष्कळांच्या शेततळ्यांत आता मासे आहेत. पाहुणे आले, दोन मासे हवेत, तर सगळे तळे ढवळण्यापेक्षा गळ बरा. पण तळ्यात प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर शिसे लावून गळ तळाशी ओढू नका. अस्तराला भोक पडले की पाणी गेले. आधी खोली मोजा आणि गळ तळापासून दोन हात वर लोंबेल असा तरंगता दांडा बांधा. ओले अस्तर फार निसरडे असते. आत पडलेला पोहणाराही वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला दोर काठावर खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला असू द्या आणि मुलांना एकटे पाठवू नका.

धरणावर किंवा गावतळ्यावर जायचे, तर आधी विचारून घ्या. तिथले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेले असतात. ते त्यांचे पोट आहे. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालायला प्रवाहावर चढतात, तेव्हा त्यांना जाऊ द्यावे. मरळीची जोडी पिलांच्या घोळक्यावर राखण करीत असेल, तर तिथे गळ टाकूच नये. आई-बाप उचलले, तर पिले दुसऱ्यांच्या तोंडी जातात.

घरी आल्यावर ब्रेक सैल करा, ओल्या फडक्याने रीळ पुसा, काठी सावलीत आडवी टांगा. एवढे केले तर ही जोडी वर्षानुवर्षे टिकते. पुतण्याची दुसरी काठी अजून धड आहे. तो आता शिकायला पुण्याला असतो. रविवारी ती घेऊन त्याची धाकटी बहीण माझ्याबरोबर काठावर येते. निघण्यापूर्वी ज्वारीच्या पिशवीने ब्रेक तपासायला ती विसरत नाही.