आलापल्लीचे वनवैभव
शिरपूर जैन येथून जुन्या सागांच्या भेटीला

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या तीर्थक्षेत्रामुळे देशभर ज्ञात आहे. दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात. परंतु शिरपूरच्या शेतकऱ्याने स्वतः एखादी यात्रा करावयाची ठरविली, तर देवस्थानांखेरीज आणखी एक स्थान त्याने अवश्य पाहावे. ते विदर्भातच आहे. तेथे मूर्ती नाही, कळस नाही. आहेत ती माणसाने न लावलेली, पिढ्यान् पिढ्या उभी असलेली सागाची झाडे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीजवळच्या या वनखंडास 'आलापल्लीचे वनवैभव' असे नाव आहे.

काळ्या मातीकडून साल-सागाच्या सीमेकडे

शिरपूरहून वाशीम गाठावे. तेथून मंगरूळपीर, मानोरा, दिग्रस या मार्गाने यवतमाळ आणि पुढे मारेगाव, वणी, चंद्रपूर असा रस्ता आहे. चंद्रपूरनंतर बल्लारपूर व गोंडपिपरी ही गावे मागे टाकली, आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की आलापल्लीचा रस्ता लागतो. एकूण अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक असल्याने जाण्यायेण्यास चार दिवस हाताशी असावेत.

हा प्रवास शेतकऱ्यास पुष्कळ शिकवितो. वाशीमपासून वणीपर्यंत काळ्या पाषाणापासून झालेली माती आणि तीत कापूस, सोयाबीन, तूर ही ओळखीची पिके दिसतात. वणीच्या आसपास हा काळा पाषाण संपत जातो. खाली दगडी कोळसा असलेला वाळूच्या दगडाचा प्रदेश सुरू होतो. गोंडपिपरीकडे भाताच्या बांध्या दिसू लागतात, पाऊसमान वाढते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस जंगल दाटत जाते. मातीचा रंग, खालचा खडक, पाऊस आणि पीक यांचा परस्परसंबंध पुस्तकात वाचून जेवढा उमगत नाही, तेवढा या एका रस्त्यावर डोळ्यांना दिसतो.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे सोळा किलोमीटरांवर हे वनखंड आहे. प्रवाशांनी आधी आलापल्ली येथील वनकार्यालयात चौकशी करून व आवश्यक ती परवानगी घेऊनच पुढे जावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस उत्तम. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो व जंगलास वणव्याचे भय असते. त्या दिवसांत विडी-काडी जवळ बाळगणे हाच मोठा अपराध समजावा.

पंधरा एकरांचा ठेवा

या वनखंडाचे क्षेत्र अवघे ६ हेक्टर, म्हणजे सुमारे १५ एकर आहे. वऱ्हाडातील एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या जमिनीएवढेच हे क्षेत्र होय. तरीही २०१४ साली ते जैविक विविधता कायद्याखाली वारसा स्थळ म्हणून घोषित झाले आणि महाराष्ट्रातील असे पहिले स्थळ ठरले. त्यानंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांबर्डे येथील रानजायफळांची दलदलीतील देवराई आणि इतर काही स्थळे या मालिकेत आली. ठेव्याचे मोल क्षेत्रफळावरून ठरत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आत पाऊल टाकताच प्रथम जाणवते ती झाडांची उंची. खोड सरळ वर गेलेले, खालच्या फांद्या केव्हाच गळून पडलेल्या, आणि पर्णभार पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. शेताच्या बांधावरचा दहा-पंधरा वर्षांचा साग ज्याने पाहिला आहे, त्याला ही तीच जात आहे हे क्षणभर खरे वाटत नाही.

साग आपले वय स्वतःच लिहून ठेवतो. पावसाळ्यात वाढीचा जोम असतो, उन्हाळ्यात वाढ थांबते. यामुळे दर वर्षी खोडात एक वलय उमटते. आरागिरणीत सागाचा ओंडका आडवा कापलेला दिसला, तर ही वलये कोणासही मोजता येतात. ज्या वर्षी पाऊस बरा झाला त्या वर्षीचे वलय बहुधा रुंद आणि अवर्षणाचे वलय बहुधा अरुंद असते. गावच्या पावसाची अशी वही जुन्या झाडाखेरीज दुसरीकडे क्वचितच सापडते. आलापल्लीची झाडे उभी आहेत, म्हणून त्यांच्या वह्या मिटलेल्या आहेत. त्या तशाच मिटलेल्या राहाव्यात यातच सर्वांचे हित आहे.

एकट्या सागाचे हे वन नव्हे

दुसरी गोष्ट सावकाश पाहिल्यावर लक्षात येते. या वनात केवळ साग नाही. ऐन, बिजा, हळदू, मोह, तेंदू अशी झाडे, त्यांच्याखाली बांबूची बेटे, त्यांखाली झुडपे व वेली आणि सर्वांच्या तळाशी कुजत असलेल्या पानांचा थर आहे. या रचनेला मोठा अर्थ आहे.

सागाचे पान मोठे असते. पावसाचे बारीक थेंब पानावर एकत्र होऊन जाड थेंबाच्या रूपाने उंचावरून खाली पडतात. खाली झुडूप नसेल, पालापाचोळा झाडून किंवा जाळून टाकला असेल, तर हे थेंब मातीवर आघात करतात व तिची धूप होते. नुसत्या सागाच्या उघड्या लागवडीत उतारावरची माती वाहून जाते ती यामुळे. नैसर्गिक वनात मात्र थेंबास वाटेत दुसरे पान, तिसरे पान भेटते आणि शेवटी तो पाचोळ्यावर पडून हळूहळू जमिनीत मुरतो. ओढ्याला पावसाळ्यानंतरही पाणी राहते याचे मर्म येथे आहे.

सागाच्या पानांवर पावसाळ्यात पाने खाणाऱ्या व पानांची जाळी करणाऱ्या अळ्या पडतात. मिश्र वनात या अळ्यांना खाणारे पक्षी व कीटक यांनाही आसरा असतो, त्यामुळे किडीवर काही अंशी आपोआप वचक राहतो. एकच पीक, एकच वाण सर्व शिवारात पेरल्यावर कीड कशी माजते हे कापसाच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

लावलेला साग आणि उगवलेला साग

माणसाने साग लावण्याचा प्रयत्नही जुना आहे. केरळातील निलंबूर येथे मलबारचे कलेक्टर कॉनॉली यांनी १८४० नंतरच्या दशकात चातू मेनन यांच्या साहाय्याने सागाची लागवड केली. जगातील सर्वांत जुनी सागलागवड म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिचा काही भाग आजही जतन केलेला आहे. तिकडेच परांबिकुलमच्या जंगलात 'कन्निमारा' नावाचा नैसर्गिक महासाग उभा आहे. तो आलिंगावयास अनेक माणसांनी हात जोडावे लागतात.

लावलेले झाड लाकूड देते. परंतु पुढच्या लागवडीसाठी नाना गुणांचे बीज नैसर्गिक वनच पुरविते. सरळ वाढणारे, रोगास दाद न देणारे, अवर्षण सोसणारे असे निरनिराळे गुण जुन्या रानातील झाडांत विखुरलेले असतात. जुनी झाडे तोडून टाकली म्हणजे नुसते लाकूड जात नाही, बियाण्याचे कोठारच जाते. ज्वारीच्या जुन्या वाणांची जी कथा, तीच सागाची.

पूर्वजांची शिकवण

झाडांविषयीची ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी स्पष्ट दंडक आहे. सागवानासारखे लाकूड सरकारी परवानगीनेच आणावे. आंबा, फणस ही झाडेही आरमारास उपयोगी, पण त्यांना हात लावू नये. कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाही, असा त्याचा आशय आहे. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असेही त्यात सांगितले आहे. राज्याला लढाऊ जहाजे हवी असतानाही रयतेच्या झाडास हात लागू नये, ही काळजी घेतली गेली, हे आज मुद्दाम आठवण्याजोगे आहे.

देवरायांची परंपरा याच जातीची. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या काळकाई देवीची राई तोडली जाण्याचा प्रसंग त्याच काळात आला होता. भोवतालचे जंगल गेल्यावर ओढे आटले आणि राईतून येणारा झराच तेवढा टिकला, हे ग्रामस्थांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी राई राखण्याचा आग्रह धरला, अभ्यासकांची मदत घेतली आणि राई वाचली. देवीचा धाक आणि पाण्याची गरज येथे एकाच दिशेने बोलत होती.

शिरपूरला परतताना

आलापल्लीहून परतणाऱ्या शेतकऱ्याने सोबत काय आणावे? वनातून बी, काटकी किंवा पानही आणू नये. आणावयाचा तो विचार. आपल्या शिवारात आज शंभर वर्षांचे झाड कोणते, हा प्रश्न त्याने घरी आल्यावर स्वतःस विचारावा. गावोगावच्या आमराया कमी झाल्या. कुठे वाटणीत, कुठे मुलीच्या लग्नाच्या खर्चासाठी, कुठे विहिरीच्या कर्जासाठी झाडे गेली. ज्याच्यावर अडचण आली त्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जे झाड आजोबांनी लावले ते नातवाने एका दिवसात विकले आणि त्या जागी दुसरे लावले नाही, तर पणतूला सावली कोठून मिळणार?

यास्तव पुढील गोष्टी करण्याजोग्या आहेत :

१. गावातील जुन्या झाडांची यादी करावी. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. देवळाजवळचे, ओढ्याकाठचे, बांधावरचे प्रत्येक जुने झाड या वहीत जागेसह नोंदवावे. ग्रामकार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा.

२. बांधावर साग लावावयाचा असल्यास पाण्याचा निचरा होणारी, खोल, मुरमाड पोटाची जमीन निवडावी. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत साग खुरटतो. पावसाळ्याच्या आरंभी, अंगठ्याएवढ्या जाडीच्या सागजड्या पहारीने केलेल्या भोकात लावून माती घट्ट दाबावी. मुळाभोवती पोकळी राहिली तर जडी वाळते.

३. केवळ साग लावू नये. मध्ये कडुनिंब, आवळा, जांभूळ, आंबा, करंज अशी झाडे व उतारावर बांबू लावावा. झाडाखालचा पाचोळा जाळू नये.

४. लावलेल्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. खाजगी जमिनीतील सागही परवानगीवाचून तोडता येत नाही. नोंद असल्यास पुढे परवानगीच्या वेळी मालकी सिद्ध करणे सुलभ जाते.

५. गावाने एकत्र बसून देवळाभोवतीचा, ओढ्याच्या उगमाचा किंवा गायरानाचा एखादा तुकडा कुऱ्हाडबंदी व चराईबंदीसाठी निवडावा. तो एका एकराचा असला तरी चालेल. पहिली काही वर्षे राखण झाली, म्हणजे जमिनीत दडलेल्या मुळ्या व बिया आपोआप डोके वर काढतात.

आलापल्लीचे पंधरा एकर कोणी एका दिवसात निर्माण केलेले नाहीत. ज्यांच्या हाती कुऱ्हाड होती त्यांनी ती त्या जागी चालविली नाही, एवढ्यानेच ते उरले. शिरपूरच्या शिवारात आज राखलेला एक एकर शंभर वर्षांनी काय होईल, हे आजच्या शेतकऱ्यास दिसणार नाही. परंतु त्या दिवशी त्याच्या सावलीत बसणारा कोणीतरी, ते राखणाऱ्यांचे नाव ठाऊक नसतानाही, त्यांना दुवा देईल.