वाघ म्हणा, वाघोबा म्हणा

ठाण्यात येऊरच्या डोंगराला पाठ लावून आमची सोसायटी उभी आहे. मे महिन्यातली सकाळ. साडेसहा वाजलेत आणि फाटकाजवळच्या केबिनपाशी जमलेल्यांच्या दुधाच्या पिशव्या हातातच राहिल्यात. रखवालदारमामा सीसीटीव्हीचं चित्र पुन्हा मागं नेतात. पडद्यावर मध्यरात्र उलटून गेलेली. मागची भिंत, भिंतीवर दिव्याचा फिकट पट्टा, आणि त्या पट्ट्यात अलगद येणारा बिबट्या. भिंतीवरून तो सावकाश चालतो, थांबतो, मान खाली घालून आमच्या बाजूला पाहतो आणि आला तसा पलीकडे उतरतो. शेपटीचं टोक सगळ्यात शेवटी जातं.

“पुन्हा लावा मामा,” दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात. चष्मा पुसून त्या पडद्याला नाक लावतात.

केबिनसमोरच्या मोटारीखाली गल्लीतली कुत्री एकमेकांना चिकटून बसलीत. एरवी या वेळेला पेपरवाल्या पोराच्या सायकलमागं धावणारी हीच मंडळी. आज तो समोरून जातो तरी एकाचाही कान हलत नाही.

“आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो म्हणतात,” आजी म्हणतात, “पण काल खरा वाघच गल्लीत आला, म्हणून आज कुत्रा कुत्राच राहिला.” सगळे हसतात आणि घाबरलेली सकाळ जरा सैल होते. मला त्या कुत्र्यांच्या शहाणपणाचं कौतुक वाटतं. इथल्या बिबट्याच्या जेवणात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

सचिवकाका मात्र अस्वस्थ आहेत. “पिंजरा लावायला सांगू या,” ते म्हणतात. मामांनी पहाटेच वनखात्याच्या १९२६ या मदतवाहिनीवर फोन केलाय. पलीकडून मिळालेलं उत्तर ते जसंच्या तसं ऐकवतात : जनावर आलं आणि गेलं असेल तर जाऊ द्या. गर्दी करू नका, मागं लागू नका. एकाला पकडून दूर सोडलं की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि सोडलेला बिचारा अनोळखी मुलखात गोंधळतो.

डोंगराच्या पलीकडे बोरिवलीपर्यंत पसरलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. उद्यान आणि आसपासचा भाग मिळून २०१८ च्या कॅमेरा-मोजणीत ४७ बिबटे दिसले होते. प्रत्येकाच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी निराळी, त्यावरूनच ते मोजतात. सहावीतली एक मुलगी हे ऐकून म्हणते, “मग आपला कितवा?” तिनं ‘आपला’ म्हटल्यावर काका तिच्याकडे बघतात. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला होता, तेव्हा शहरभर धावपळ उडाली होती. ती आठवण काकांच्या मनात ताजी आहे.

इतक्यात फाटकातून येऊरच्या पाड्यावरची मावशी येते. डोक्यावरच्या टोपलीत करवंदं, कडेला थोडी जांभळं, आणि मोजून द्यायला पानांचे द्रोण. टोपली ओट्यावर टेकवून ती पडद्यावर एक नजर टाकते.

“वाघोबा होय!” एवढंच म्हणून ती द्रोण भरायला घेते.

“मावशी,” काका म्हणतात, “वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. बा लावून काय उपयोग?”

मावशीचे हात थांबत नाहीत. “त्याला कुठं ऐकू जातंय, दादा? आपल्याला ऐकू जातं. वाघोबा म्हटलं की माणूस नीट राहतो. अंधार पडला की पोरांना एकटं सोडत नाही. झाडीतनं जाताना मोठ्यानं बोलत जातो. रात्रीचं कुठं वाकून, बसून राहत नाही. शेळी, कोंबडी कुडाच्या आत घेतो. एवढं केलं की तो त्याच्या वाटंनं जातो.”

ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय, पण तिचा हा अर्थ पहिल्यांदाच कानावर पडतोय. म्हण वाघाच्या बाजूनं बोलते, मावशी माणसाच्या बाजूनं. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीला वारली पाड्यांवर वाघबारस असते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी खाली गाईला नमस्कार आणि वर वाघाला. दोघांनाही आपापल्या जागी धरून ठेवणारी माणसं या डोंगराभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीत.

आजी करवंदाचा द्रोण हातात घेऊन म्हणतात, “चला, भिंत बघून येऊ.” आणि आमची वरात मागच्या बाजूला निघते.

वाटेत आंब्याच्या झाडाखाली शिडी लावलेली आहे. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायच्या म्हणून माळीदादा कोयता घेऊन उभे आहेत, पण चढत नाहीत. वरच्या दुबेळक्यात कावळ्याचं घरटं आहे आणि घरट्यावर कावळी बसलेली आहे. कावळा शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून माळीदादांच्या टोपीचा अंदाज घेतो.

मान वर करून बघितलं तर घरट्यात काड्या कमी आणि तारा जास्त. बांधकामावरची बारीक तार, केबलचे तुकडे, एक वाकलेला हँगर. लहानपणीच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं असायचं, पावसात वाहून जायचं आणि त्याला चिमणीचं दार ठोठवावं लागायचं. त्या कावळ्याच्या वंशजानं घर लोखंडाचं केलंय. चिमणी मात्र वळचणी आणि भिंतीतली भोकं बुजल्यामुळे स्वतःच जागा शोधत फिरते. आता दार ठोठवायची पाळी तिची आहे, आणि तिच्यासाठी एखादी लाकडी पेटी टांगायला आमच्या प्रत्येक गॅलरीत जागा आहे.

कोकीळ याच झाडावरून पहाटे चारपासून ओरडतोय. ओरडणारा नर असतो. त्याच्यावर कावळे धावून गेले की ठिपकेदार, गप्प राहणारी मादी घरट्याकडे सरकते. त्यामुळे वरची पिल्लं नक्की कुणाची, हे महिनाभरात कळेल.

“कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ,” काका घड्याळाकडे बघत म्हणतात. “छाटून टाका, दादा.”

“साहेब, इथं उलटं आहे,” माळीदादा म्हणतात. “कावळा बसलाय म्हणून फांदी वाचली. पिल्लं उडाली की छाटतो. बाकीची बाजू आज करून घेतो.” आणि ते शिडी उचलून झाडाच्या दुसऱ्या अंगाला नेतात. त्यांच्या हातून ती म्हण अशी सहज पालथी होते की काकाही मान डोलावतात.

मागच्या भिंतीवर उन्हाची पहिली तिरीप पडलीय. बिबट्या जिथून चालला तिथंच आता एक सरडा बसलाय. डोकं आणि छाती लालभडक, गळ्याला काळा डाग. तो पुढच्या पायांवर तालमीतल्या पहिलवानासारखे जोर काढतो, थांबतो, इकडेतिकडे बघतो, पुन्हा जोर काढतो. मुलगी पुढं सरकते तसा तो भिंतीच्या टोकापर्यंत धावतो आणि वळून उभा राहतो.

“बघा,” आजी म्हणतात, “सरड्याची धाव कुंपणापर्यंत.”

ही म्हण किती डोळे उघडे ठेवून केलीय! विणीच्या दिवसांत नर सरडा आपला इलाखा राखत असतो. ऊन घ्यायला उंच जागा हवी, मादीला दिसायला मोकळी जागा हवी, दुसऱ्या नराला दटावायला सीमा हवी. कुंपणावर त्याला हे सगळं एका जागी मिळतं. ज्यानं पहिल्यांदा हे वाक्य उच्चारलं त्यानं सरड्याला कितीतरी सकाळी असं पाहिलं असणार. पुढच्यांनी ते वाक्य कमी कुवतीच्या माणसांना लावलं. समोरचा सरडा मात्र तिथं थांबतो तो त्याची हद्द तिथं संपते म्हणून, आणि ती हद्द तो जिवापाड सांभाळतो.

पहिल्या मजल्याच्या गजांवर वाळत टाकलेल्या पोछ्याचे धागे एक खार दातांनी ओढून काढतेय. तोंडात मावेल एवढा गोळा झाला की ती पाइपावरून सरसर चढून छज्ज्याखाली नाहीशी होते आणि लगेच परत येते. पाठीवरचे तीन पट्टे उन्हात चमकतात. “सेतूला वाटा दिला होता ना तिनं, तो वसूल करतेय,” मुलगी म्हणते. ज्यांचा पोछा आहे त्या काकू खिडकीतून हे बघत असतात, आणि पोछा आत घ्यायच्या ऐवजी थोडा बाहेर सरकवतात.

भिंतीच्या पलीकडे डोकावलं की रात्रीचं कोडं सुटतं. पलीकडे उकिरडा झालाय. कोपऱ्यावरच्या खानावळीचं खरकटं, फुटलेल्या काळ्या पिशव्या, कोंबडीची हाडं. डोंगराच्या पायथ्याशी हा दुसरा डोंगर. त्यात एक कुत्रं पुढच्या पायांनी जोरजोरात उकरतंय. माती, कागद, भात उडतो, आणि अखेर त्याच्या तोंडात एक उंदीर येतो.

“डोंगर पोखरून उंदीर!” मामा टाळी वाजवतात. म्हणीत हे फार कष्टाचं, फार थोडं फळ. कुत्र्याला मात्र आजची न्याहारी मिळालीय.

मामा ओळीनं बोट दाखवतात. खरकट्यावर उंदीर आणि घुशी. खरकट्यासाठी कुत्री. कुत्र्यांसाठी बिबट्या. आमच्याच ताटातून निघालेली ही वाट डोंगरापर्यंत जाते. माकडांचंही हेच. सकाळी फिरायला येणारे लोक त्यांना बिस्किटं देतात, मग ती दुपारी स्वयंपाकघरात शिरतात, आणि सगळे माकडाच्या हाती कोलीत म्हणून त्यांनाच बोल लावतात. ते कोलीत आपण देतो. समोर उकिरडा बघताना ही गोष्ट टाळता येत नाही.

“खानावळवाल्याला सांगायला हवं,” काका म्हणतात. सगळे मान डोलावतात आणि कुणीच हलत नाही. त्याच्याकडून तिघांचे डबे येतात, दोघांची उधारी आहे, आणि त्याचा आवाज मोठा आहे.

“म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हेच ना?” आजी विचारतात.

तेवढ्यात किणकिण आवाज येतो. जिन्याखालून एक पांढरी-तांबडी मांजर डौलात येते, गळ्यात लाल रिबीन आणि तिला पितळेची छोटी घंटा. अंगणातल्या साळुंक्या आवाजासरशी उडतात. मांजर त्यांच्याकडे बघून खाली बसते.

“मी बांधली,” सहावीतली मुलगी म्हणते. “ती पिल्लं पकडायची ना, म्हणून. दूध पीत होती तेव्हा हळूच बांधली. काही ओरबाडलं नाही.”

आजी क्षणभर तिच्याकडे बघतात, मग हातातला करवंदांचा द्रोण वर धरतात. “ऐकलंत? आधी दूध, मग घंटा.” आणि तो द्रोण घेऊन त्या थेट कोपऱ्यावर चालू लागतात. आम्ही मागोमाग.

खानावळवाला नुकतंच शटर वर करतोय. आजी त्याच्या पुढ्यात करवंदं ठेवतात, एक खुर्ची ओढून बसतात, स्वतःच चहा सांगतात आणि मग रात्रीच्या पाहुण्याची हकिगत सांगतात. तो ऐकता ऐकता खाली बसतो. चढा आवाज येतच नाही. तो म्हणतो, “आजी, घंटागाडी सकाळी येते तेव्हा माझं दुकान बंद. रात्री दीड वाजता डबे धुऊन झाले की हे घेऊन मी कुठं जाऊ? आणि तुम्ही सांगताय त्या भिंतीपाशी रात्री मीच एकटा असतो.”

हे वाक्य पडल्यावर सगळे गप्प होतात. इतका वेळ आम्ही आमच्या पोरांची काळजी करत होतो. बिबट्याच्या सगळ्यात जवळ रोज रात्री हा माणूस उभा राहत होता.

मग बोलणं भराभर पुढं सरकतं. फाटकाच्या आत झाकणाचा मोठा पिंप ठेवायचा. रात्री त्यानं त्यात खरकटं टाकायचं, सकाळी मामांनी घंटागाडीत द्यायचं. पिंपाचे पैसे सोसायटी देईल, काका सांगतात. भिंतीपलीकडचा ढीग उचलायला महापालिकेला अर्ज, तोही तेच लिहितील. पिंजऱ्याचा विषय त्यांच्या तोंडून पुन्हा निघत नाही.

मला वाटतं, म्हणी अशाच जन्माला आल्या असणार. कुणीतरी कुंपणावर सरडा पाहिला, फांदीवर कावळा पाहिला, उकिरड्यात उंदीर पाहिला, आणि चारचौघांत बोलून टाकलं. ते शेजारी अजून इथेच आहेत. आपण म्हणी पाठ ठेवल्या आणि शेजाऱ्यांकडे बघणं सोडलं, तर हातात नुसते टोमणे राहतील. त्यांच्याकडे रोज थोडं बघितलं तर जुन्या म्हणी दुरुस्त होतात, आणि नव्याही सुचतात.

नवी तर लगेचच सुचते. फळ्यावर सूचना लिहायचं काम मुलीकडे येतं. ती खडूनं लिहिते : ‘खरकटं भिंतीपलीकडे, बिबट्या भिंतीअलीकडे.’

“झकास,” आजी म्हणतात.

टोपली डोक्यावर घेऊन निघालेली मावशी थांबते. “काय लिहिलंय गं?” मुलगी वाचून दाखवते. मावशी ऐकून घेते आणि म्हणते, “बरोबर आहे. पण वाघोबा लिही.”

मुलगी हातानं एक शब्द पुसते आणि वाघोबा लिहिते. पिंपाचं माप घ्यायला आलेला खानावळवाला ते मोठ्यानं वाचतो, दोनदा वाचतो, आणि खो खो हसत विचारतो, “माझ्याही फळ्यावर लिहून देशील? मिसळीच्या खाली जागा आहे.”