एक्स विंडो प्रणालीतील दर्शनदोष

लिनक्स वा तत्सम परिचालन प्रणालीवर एखादा चित्ररूप कार्यक्रम सुरू केला असता त्याची चौकट पडद्यावर न उमटता केवळ दोषसंदेश मिळतो, त्या बिघाडास दर्शनदोष म्हणता येईल. डेटाबेसची उभारणी करणाऱ्या साधनांच्या बाबतीत हा दोष विशेषेकरून आढळतो. ओरॅकलचा युनिव्हर्सल इन्स्टॉलर व डेटाबेस कॉन्फिगरेशन असिस्टंट, तसेच आयबीएमच्या डीबी२ या डेटाबेसचा डीबी२सेटअप ही अशा साधनांची परिचित उदाहरणे होत. डेटाबेस ज्या संगणकावर उभारावयाचा, त्यास बहुधा पडदाच जोडलेला नसतो व उभारणी करणारी व्यक्ती दूरच्या संगणकावरून काम करीत असते. त्यामुळे दोषाचे मूळ डेटाबेसमध्ये वा उभारणी-साधनात क्वचितच असते. ते बहुतेक वेळा कार्यक्रम व पडदा यांना जोडणाऱ्या दुव्यात सापडते.

प्रणालीची रचना : एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी विकसित केली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या आवृत्तीचे संदेशवहनाचे नियम अद्याप वापरात आहेत. या प्रणालीत सर्व्हर व क्लायंट या संज्ञांचा अर्थ नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. पडदा, कळफलक व माऊस ज्याच्या ताब्यात असतात तो एक्स सर्व्हर. तो वापरणाऱ्याच्या मेजावरील संगणकावर चालतो. चौकट काढण्याची विनंती करणारा कार्यक्रम हा क्लायंट. तो शेकडो किमी. दूरच्या संगणकावर असू शकतो. म्हणजे डेटाबेसचा सर्व्हर येथे पडद्याच्या दृष्टीने क्लायंट ठरतो. हा भेद ध्यानात न आल्याने अनेकदा चुकीच्या संगणकावर दुरुस्ती केली जाते.

क्लायंटला पडद्याचा पत्ता ‘डिस्प्ले’ नावाच्या परिवेश-चलातून मिळतो. या पत्त्याचे संगणकाचे नाव, दर्शनाचा क्रमांक व पडद्याचा क्रमांक असे तीन भाग असतात. ‘:०.०’ या पत्त्यात संगणकाचे नाव नाही. त्याचा अर्थ ‘याच संगणकावरील पहिले दर्शन’ असा होतो. पत्ता बरोबर असला, तरी प्रवेश मिळण्यासाठी क्लायंटला एक गुप्त संकेत सादर करावा लागतो. त्यास मॅजिक कुकी म्हणतात. हा १२८ बिटांचा संकेत सामान्यतः वापरणाऱ्याच्या खात्यातील एका फाइलीत ठेवलेला असतो व ती इतर खात्यांना वाचता येत नाही. ही फाइल अन्यत्र असल्यास तिचे स्थान ‘एक्सऑथॉरिटी’ या चलात नोंदलेले असते.

दोषांचे प्रकार : (१) पत्त्याचा दोष : ‘डिस्प्ले’ या चलास मूल्यच नसते किंवा ते चुकीचे असते. एसएसएच या संकेतबद्ध जोडणीतून काम करताना हे मूल्य जोडणीच स्वतः ठरविते. ओपनएसएसएचमध्ये क्रमांक साधारणतः १० पासून सुरू होत असल्याने ते ‘लोकलहोस्ट:१०.०’ असे दिसते. खात्याच्या आरंभ-फाइलीत पूर्वी कोणी ‘:०.०’ असे मूल्य लिहून ठेवले असल्यास ते या योग्य मूल्याची जागा घेते. मग पडदा नसलेल्या संगणकावरच पडद्याचा शोध सुरू होतो.

(२) परवानगीचा दोष : ओरॅकलचे उभारणी-साधन रूट या सर्वाधिकारी खात्यातून चालत नाही, त्यासाठी स्वतंत्र, बहुधा ‘ओरॅकल’ याच नावाचे, खाते असते. वापरणारा प्रथम स्वतःच्या किंवा रूट खात्यातून प्रवेश करतो व ‘एसयू’ या आज्ञेने ओरॅकल खात्यात जातो. या बदलात पत्ता गळून पडू शकतो. तो पुन्हा लिहिला, तरी कुकी पहिल्याच खात्यात राहिलेली असते. अशा वेळी ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’ असा संदेश मिळतो. त्यात प्रोटोकॉलचा उल्लेख असला, तरी त्याचा व्यवहारातील अर्थ ‘परवानगी नाही’ एवढाच आहे.

(३) लायब्ररींचा दोष : ओरॅकलची ही साधने जावा भाषेत लिहिलेली आहेत व जावाच्या चित्ररूप विभागास एक्स प्रणालीच्या काही सामायिक लायब्ररी लागतात. कमीत कमी घटकांनिशी उभारलेल्या लिनक्सवर त्या नसतात. पहिल्या प्रयत्नात न सापडलेल्या लायब्ररीचे नाव संदेशात येते. पुढील संदेशात मात्र अमुक क्लास सुरू करता आला नाही, असे म्हटलेले असते. हा दुसरा संदेश वाचून जावाच सदोष असल्याचा समज होतो. वस्तुतः तो पहिल्या दोषाचा परिणाम असतो; म्हणून सर्वांत आधी आलेला संदेश वाचणे महत्त्वाचे ठरते.

(४) फसवा संदेश : ओरॅकलचे साधन सुरुवातीस पडदा किमान २५६ रंग दाखवू शकतो की नाही, हे तपासते व त्यासाठी ‘एक्सडीपीवायइन्फो’ या छोट्या कार्यक्रमाची मदत घेते. तो कार्यक्रम संगणकावर नसेल किंवा पडद्याशी संपर्कच होत नसेल, तरीही रंगांची तपासणी अयशस्वी झाल्याचे कळविले जाते. रंगांची संख्या हे त्याचे खरे कारण बहुधा नसते.

निदान : निदानाचा क्रम पत्ता, मार्ग, परवानगी व शेवटी लायब्ररी असा ठेवावा. मेजावरील संगणकावर एक्स सर्व्हर चालू आहे, याची प्रथम खात्री करावी. विंडोज प्रणालीवर व्हीसीएक्सएसआरव्ही आणि मॅकवर एक्सक्वार्ट्झ यांसारखा कार्यक्रम त्यासाठी लागतो. नंतर दूरच्या संगणकाच्या एसएसएच सेवेत एक्स११चे अग्रेषण सुरू असल्याचे व तेथे ‘एक्सऑथ’ हा कार्यक्रम असल्याचे पाहावे. तो नसल्यास अग्रेषण होत नाही. मग उभारणी-साधनाऐवजी एक्सडीपीवायइन्फो किंवा ‘एक्सक्लॉक’ हे छोटे घड्याळ चालवून पाहावे. घड्याळ दिसले, तर पत्ता, मार्ग व परवानगी ही तिन्ही ठीक असतात आणि शोध लायब्ररींपुरता उरतो. घड्याळ सुरुवातीस दिसले व काही वेळाने नवी चौकट उघडेनाशी झाली, तर मुदतीचा विचार करावा : ओपनएसएसएचच्या मर्यादित विश्वासाच्या अग्रेषणात मूळ नियमानुसार २० मिनिटांनंतर नव्या जोडण्या नाकारल्या जातात.

परवानगीच्या दोषावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे एसएसएचने थेट ओरॅकल खात्यातच प्रवेश करणे. ते शक्य नसल्यास पहिल्या खात्यातील कुकी एक्सऑथच्या साहाय्याने दुसऱ्या खात्यात नोंदवावी. दोन्ही खाती पडदा असलेल्या एकाच संगणकावर असतील, तर ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेने केवळ त्या एका स्थानिक खात्यास परवानगी देता येते.

सुरक्षितता : एक्सहोस्ट आज्ञेपुढे नुसते अधिक चिन्ह देऊन सर्वांनाच परवानगी देण्याची प्रथा प्रचलित आहे. तिने दोष तत्काळ नाहीसा होतो. परंतु हा उपाय मूळ दोषाहून घातक आहे. एक्स प्रणालीत पूर्ण प्रवेश मिळालेला क्लायंट इतर कार्यक्रमांत दाबल्या जाणाऱ्या कळा टिपू शकतो व पडद्याचे चित्र घेऊ शकतो. डेटाबेस उभारताना नेमका त्याच पडद्यावर सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द टंकित करावा लागतो. त्या एका चिन्हाने संपूर्ण डेटाबेसची किल्ली अनोळखी व्यक्तीच्या हाती जाऊ शकते. पूर्वी एक्स सर्व्हर ६००० पासूनच्या पोर्टांवर जालावरील जोडण्या स्वीकारीत असे व हा मार्ग संकेतबद्ध नव्हता. २०१५ मधील १.१७ या आवृत्तीपासून तो मूळ ठेवणीत बंद करण्यात आला.

पर्यायी मार्ग : अग्रेषित जोडणी मध्येच तुटली, तर चित्ररूप साधनही बंद पडते व उभारणी अर्धवट राहते. हा धोका टाळण्यासाठी डेटाबेसच्या संगणकावरच व्हीएनसी प्रणालीचे आभासी दर्शन चालवितात. मग जोडणी तुटली, तरी काम सुरू राहते व पुन्हा जोडणी करून ते पाहता येते. मात्र ही जोडणी एसएसएचमधूनच न्यावी. याहून निर्धोक मार्ग म्हणजे पडदा न वापरणे. ओरॅकल व डीबी२ या दोहोंत सर्व प्रश्नांची उत्तरे आधीच एका उत्तर-फाइलीत लिहून साधन मूकपणे चालविता येते. अनेक संगणकांवर एकसारखी उभारणी करावयाची असल्यास ही पद्धत अधिक सोयीची ठरते. त्या फाइलीत परवलीचे शब्द असल्यास काम संपताच ती नष्ट करणे आवश्यक असते.

२००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीने लिनक्सवर एक्सची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. २०२५ मधील रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्स सर्व्हर वगळण्यात आला असून जुन्या कार्यक्रमांसाठी एक्सवेलँड हा दुवा ठेवण्यात आला आहे. या दुव्यातही पत्ता व परवानगी यांची आवश्यकता कायम असल्याने निदानाचा वरील क्रम तेथेही लागू पडतो.