प्रोस्टेट आक्रसते तेव्हा

प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन दाबणारे उपचार देतात. ही वाट १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवली. उपचारानंतर ग्रंथी लहान होते. मग तपासणीत स्ट्रोमा (ग्रंथीला आधार देणारी संयोजी ऊती) जास्त दिसतो असा शेरा आला, की नवीन काही वाढले का, या शंकेने घरचे धास्तावतात. ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण सहसा तसे नसते.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) घटले की स्राव तयार करणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. आधाराची ऊती मागे उरते, म्हणून तिचे प्रमाण जास्त भरते. द्राक्षाचा बेदाणा होताना साल वाढत नाही. आतला रस गेल्याने ती सुरकुतते आणि दाट दिसते.

मात्र ही ऊती म्हणजे नुसती भरताड नव्हे. टेस्टोस्टेरॉनचा संदेश तिच्या पेशींनाही कळतो आणि स्रावपेशींना वाढीचे इशारे त्याच देतात. वृषणे काढलेल्या उंदरांत सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बदल स्पष्ट दिसतात: स्नायुपेशी आकसून त्यांच्या कडा काटेरी होतात, कोलॅजनचे (बळकटी देणारे प्रथिन) तंतू नागमोडी होऊन एकवटतात. या उंदरांना संप्रेरक पुन्हा दिले, तर ग्रंथी परत भरू लागते.