पणजीची सावली, नाशिकची सावली

एक मीटर उंचीची काठी. २१ मार्चला पणजीतल्या एखाद्या शाळेच्या मैदानात ती सरळ उभी केली, तर ऐन माध्यान्ही तिची सावली साधारण २७.७ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी नाशिकला तशाच काठीची सावली भरते ३६.४. फरक एका मुठीएवढा, आणि त्या मुठीत अख्खी पृथ्वी मावते!

गंमत अशी, की पणजीच्या मुलांनी आपली सावली हजारदा मोजली तरी पृथ्वीच्या आकाराचा पत्ता लागत नाही. नाशिककरांचंही तेच. आकडे एकमेकांना कळवले, की लगेच उत्तर हाती येतं.

जोडीला हीच शहरं का? दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडे माध्यान्ह एकदमच होते. घड्याळात बारा वाजता मात्र नव्हे. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावर, आणि सूर्याला तिथून इकडे यायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. मार्चमधल्या त्या दिवशी सावली सर्वांत आखूड होते ती १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. तोवर दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. खुणा काठीकडे सरकत येतात, थबकतात आणि पुन्हा लांब जायला लागतात. ते थबकणं एकदा तरी बघावंच.

मग हिशेब. कागदावर त्रिकोण काढून कोनमापक लावला, की पणजीत किरणांचा काठीशी कोन येतो १५.५ अंश, नाशिकला २०. फरक साडेचार अंश; पूर्ण वर्तुळात असे ८० तुकडे बसतात. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ५०० किलोमीटर. (रस्त्याचं अंतर नको, घाटांच्या वळणांनी पृथ्वी उगाच फुगेल.) ५०० गुणिले ८०, म्हणजे ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर!

एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं. अलेक्झांड्रियातली सावली मोजलेली होती, पण दूर सायीनला वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो ही खबर ऐकीव. आजच्या मुलांना ऐकीवावर विसंबायला नको. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी १९९६ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या ‘ला मँ आ ला पात’ या उपक्रमातल्या शाळांनी हा प्रयोग इंटरनेटवरून जोडीजोडीने केला आहे.

मला यातला सर्वांत आवडतो तो आकडे चुकण्याचा भाग. समजा, नाशिकहून ३६.४ ऐवजी ३७.४ आलं. चूक एका सेंटिमीटरची, पण घेर येतो ३६,००० आणि चार हजार किलोमीटर पृथ्वी गायब! मग व्हिडिओ कॉलवर उलटतपासणी. काठीला ओळंबा लावला होता का? जमीन सपाट होती? टोक कुठलं धरलं, गडद सावलीचं की पुढच्या धूसर कडेचं? सरांनी ‘नीट मोज’ म्हटलं तर मुलगी नुसती मान डोलावेल. पणजीचा कुणी पोरगा ‘तुझी काठी कललीये’ म्हणाला, की तीच मुलगी ओळंबा घेऊन तरातरा उन्हात जाईल.

आता एक खोडसाळ प्रश्न. पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य जेमतेम पावणेसहा हजार किलोमीटर उंचीवर आहे असं मानलं, तरी या दोन सावल्या अगदी अशाच पडतात! पणजी आणि नाशिकला मिळूनही हा वाद मिटवता येत नाही. तिसरा भिडू हवा, तोही लांबचा. श्रीनगर घ्या. पृथ्वी सपाट असेल तर तिथली सावली साडेत्रेसष्ट सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवी. गोल असेल तर पावणेअडुसष्टच्या. चार सेंटिमीटरांचा फरक आहे, खडूच्या खुणेतही लपणार नाही.

श्रीनगरची माध्यान्ह चारेक मिनिटं आधी होते, त्यामुळे ग्रुपवर पहिला फोटो तिथूनच येणार: काठी, खडूच्या खुणा आणि पट्टीवर ६७.७.