स्तनकर्करोगाचे उपचार : मनोबल आणि करुणाशील शुश्रूषा

प्रस्तावना

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे नव्याने निदान झाले, तर सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यामुळे मृत्यू पावल्या. लवकर निदान व आधुनिक औषधे यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु निदान झालेली स्त्री उपचारांच्या शेवटापर्यंत पोहोचते किंवा नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. करुणा ही केवळ सांत्वनाची बाब नसून उपचार पूर्ण होण्यासाठी आवश्यक असलेले साधन आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उपचारांचे दीर्घ स्वरूप

या रोगाचे उपचार एका शस्त्रक्रियेने संपत नाहीत. रोगाची अवस्था व गाठीतील पेशींचे गुणधर्म पाहून शस्त्रक्रिया, रसायनोपचार म्हणजेच केमोथेरपी, किरणोपचार आणि औषधे यांचा क्रम ठरविला जातो. केमोथेरपीची आवर्तने साधारणतः दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात. किरणोपचारांसाठी बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे रुग्णालयात जावे लागते. गाठीतील पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या असतील, तर पाच ते दहा वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. या काळात केस गळणे, मळमळ, थकवा, हाताला सूज येणे, अकाली रजोनिवृत्ती असे त्रास उद्भवू शकतात. त्यांबरोबरच खर्च, प्रवास आणि घरकाम यांचे ओझे असतेच.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आखलेल्या स्तनकर्करोगविषयक उपक्रमात लवकर निदानाबरोबरच किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत, हे स्वतंत्र उद्दिष्ट मानले आहे. अर्धवट सोडलेला उपचार हे वैद्यकशास्त्राचे अपयश नसते. बहुतेक वेळा ते आधारव्यवस्थेचे अपयश असते.

शास्त्राने स्वीकारलेली करुणा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासह छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी काढल्या जात. ही पद्धत अनेक दशके प्रमाण मानली गेली. पुढे इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी हे मत बदलले. योग्य रुग्णांमध्ये केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास जगण्याचे प्रमाण संपूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाहणीनेही सिद्ध केले. स्त्रीच्या देहाला कमीत कमी इजा व्हावी, हा विचार अशा रीतीने पुराव्याच्या कसोटीवर उतरला.

दुसरा बदल रुग्ण स्त्रियांनीच घडविला. टेरीस लासर यांची १९५२ मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर हात कसा हलवावा, कपडे कसे घालावेत, घरच्यांना काय सांगावे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी इतर रुग्ण स्त्रियांना भेटण्यास आरंभ केला. त्या कार्याचा १९६९ मध्ये अमेरिकन कर्करोग संस्थेने स्वीकार केला. या वाटेने गेलेली स्त्री समोर बसली की जो विश्वास वाटतो, तो केवळ उपदेशाने निर्माण होत नाही.

मनोबलाचा खरा अर्थ

आपल्याकडे रुग्ण स्त्रीला 'धीर धर', 'तू खंबीर आहेस' असे सहज म्हटले जाते. हेतू चांगला असला तरी अशा शब्दांमुळे भीती व्यक्त करण्याची तिची वाट बंद होते. काही कुटुंबांत निदान तिच्यापासूनच लपविले जाते आणि निर्णय इतरच घेतात. वास्तविक मनोबल म्हणजे अश्रूंचा अभाव नव्हे. पुढील आवर्तन केव्हा आहे, कोणता त्रास अपेक्षित आहे, कोणत्या लक्षणासाठी तातडीने रुग्णालय गाठावे, हे ठाऊक असणे हाच मनोबलाचा पाया होय. उदाहरणार्थ, केमोथेरपीच्या काळात येणारा ताप हा किरकोळ समजू नये. पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे तो जिवावर बेतू शकतो. गळलेले केस उपचारांनंतर बहुधा पुन्हा येतात, ही साधी माहितीही मोठा आधार देते.

महाराष्ट्रातील आधारव्यवस्था

मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबापुढे औषधाइतकाच निवासाचा प्रश्न उभा असतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ येथील नाना पालकर स्मृती समिती यांनी रुग्ण व नातेवाईक यांच्या निवासाची सोय करून हा भार हलका केला आहे. गाडगेबाबांच्या सेवापरंपरेचे हे आजचे रूप म्हणता येईल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. मात्र योजना असणे आणि गरजू स्त्रीपर्यंत ती पोहोचणे, यांत अंतर आहे. अर्ज भरून देणारी व सोबत जाणारी व्यक्ती हे अंतर कमी करते.

महाविद्यालयाची भूमिका

आपल्या सहकारी, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थिनींच्या माता यांपैकी कोणीही या रोगाला सामोरे जात असू शकते. आवर्तनाच्या आठवड्यात तासिकांची अदलाबदल करणे, रजेच्या नियमांची माहिती आपणहून देणे, तिच्या संमतीवाचून आजाराची चर्चा न करणे आणि परतल्यावर तिला दयेचा विषय न बनविता पूर्ववत जबाबदारी देणे, एवढे प्रत्येक विभागाला शक्य आहे. आईच्या उपचारांमुळे अनुपस्थित राहणाऱ्या विद्यार्थिनीची विचारपूस करणे हाही याच शुश्रूषेचा भाग आहे.

समारोप

स्तनकर्करोगाशी झुंजणाऱ्या स्त्रीचे बळ केवळ तिच्या अंतःकरणात शोधणे अन्यायाचे ठरेल. ते स्पष्ट माहितीतून, आधी त्या वाटेने गेलेल्या स्त्रीच्या सोबतीतून, निवासाच्या सोयीतून आणि समजूतदार सहकाऱ्यांतून घडत असते. उपचार रुग्णालय करते. ते पूर्ण होतील अशी परिस्थिती निर्माण करणे हे कुटुंबाचे व समाजाचे कर्तव्य आहे.