टोपीला काय कळतं?

आरोपी डोळे मिटून खुर्चीत बसतो. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी. त्याने बोलायचं नसतंच. कानावर एकेक वाक्य पडत राहतं. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं.’ कथा तपास अधिकाऱ्यांची, त्यातला ‘मी’ मात्र आरोपी.

‘बीईओएस’ नावाची ही चाचणी अस्सल भारतीय. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपडी रामन मुकुंदन यांनी ती घडवली. एखादी गोष्ट माणसाला नुसती ऐकून ठाऊक आहे की त्याने स्वतः अनुभवली आहे, हे मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ओळखता येतं, असा त्यांचा दावा. जून 2008मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात दोघांना जन्मठेप सुनावताना या चाचणीचाही आधार घेतला आणि जगभरचे मेंदूतज्ज्ञ चपापले. त्याच वर्षी निमहान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही जामीन दिला.

अमेरिकेत खोटं पकडण्याच्या कामाला एफएमआरआय जुंपलं गेलं. हे यंत्र खोटं पाहत नाही. मेंदूच्या कुठल्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त वळलं, एवढंच टिपतं, तेही काही सेकंद उशिरा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॅनियल लँगलेबेन यांनी 2002मध्ये स्वयंसेवकांना किलवरची पंजी दिली आणि ती आपल्याकडे नाहीच म्हणून सांगायला लावलं. बेमालूम लपवली तर वीस डॉलर. नकार देताना मेंदूच्या पुढच्या बाजूचे काही भाग अधिक सक्रिय दिसले. पण सांगितल्यावरून बोललेलं खोटं ते खोटं का? ना पकडले जाण्याची भीती, ना तुरुंगाची. शिवाय आवर घालताना किंवा आठवण चाळवतानाही हेच भाग कामाला लागतात. 2011च्या एका प्रयोगात तर लोकांनी हाता-पायाची बोटं कुणाला दिसणार नाहीत इतपत हलवली, आणि खोटं पकडण्यातली शंभर टक्के अचूकता तेहतीस टक्क्यांवर घसरली!

टोपीची अडचण याहून बिकट. कोठडीत तीच हकिकत दहादा ऐकलेल्या, रात्रभर मनात घोळवलेल्या निरपराध माणसाच्या मेंदूत ती ‘अनुभवा’सारखी उमटत नाही, हे प्रयोगशाळेत कसं तपासणार? खऱ्या खुन्यांवर आणि खऱ्या निरपराधांवर आखलेला प्रयोग कुणाला करता येत नाही.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्यांच्या सक्तीला मनाई केली. संमती असेल तर टोपी आजही चढवता येते. तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. पण तिच्या आधारे पुढे एखादी वस्तू हाती लागली, तर ती न्यायालयात मांडता येते.